वापरकर्ता क्रमांक चाळीस

४ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे. सामानाचा ट्रक आमच्या आधी अर्धा तास येऊन उभा होता आणि ड्रायव्हर आमच्यावर डाफरायच्या तयारीत होता. पण बाबांनी त्याला विचारलं, एवढं बसून बसून तुझी पाठ धरते का रे? झालं, पुढची दहा मिनिटं तो त्यांना पाठीचं दुखणं सांगत बसला आणि कपाटं हमालांनी आणि मी चढवली. बाबांनी आयुष्य औषधाच्या दुकानात काउंटरमागे काढलं आहे. समोर माणूस आला की त्याला काय होतंय हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे हातभर गॅलरी. गॅलरीतून कंपनीचा मोबाइलचा मनोरा दिसतो, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याच्या पायथ्याशी बसकं पिवळं ऑफिस, म्हणजे माझं ऑफिस! घरून निघून चार मिनिटांत खुर्चीत. आधीच्या नोकरीत दीड तास जायला आणि दीड तास यायला लागायचा. इतका वेळ हाताशी आला म्हणून तर ही रोजनिशी सुरू करते आहे. बघू, किती दिवस टिकते. माझे असले संकल्प फार लवकर माना टाकतात.

घंटी वाजत नव्हती. तळमजल्यावरचा वायरमन न बोलावता पेटी घेऊन आला, पाच मिनिटांत काम केलं आणि बाबांशी अर्धा तास गप्पा मारल्या. शेजारच्या दारातल्या शिवणाऱ्या मावशींनी खिडक्यांची मापं घेतली. पडदे आठवड्यात देते म्हणाल्या. एक नळ गळतो, तेवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसचा पहिला दिवस. आमच्या विभागात माणसं दोनच, विभागप्रमुख बाई आणि मी. बाई पन्नाशीच्या, आवाज हळू, आणि चहा इतका फिका पितात की तो चहा आहे हे सांगावं लागतं.

घरी आल्यावर बाबांना माझं काम समजावून सांगितलं. या वसाहतीत कंपनीने प्रत्येकाला मोबाइल दिला आहे. आमच्या आधी एकोणचाळीस जण होते, म्हणून बाबा चाळीस नंबर आणि मी एक्केचाळीस. या सगळ्यांना मिळून मनोऱ्यावर चॅनेल आठ. एक कॉल एक चॅनेल अडवतो. आठही अडले असतील आणि नववा फोन लावायला गेला, तर त्याला नकार. आता कोण कधी फोन लावेल, किती वेळ बोलेल, हे आधी कळावं म्हणून कॉम्प्युटरात अशीच एक खोटी वसाहत बसवायची, तिच्यात खोटे लोक खोटे कॉल करतात, आणि मी मोजत बसते कोणाला जागा मिळाली आणि कोणाला नाही. बाबा म्हणाले, म्हणजे घरभर पाहुणे आणि न्हाणीघर एक. इतक्या थोडक्यात मला कॉलेजातही कोणी शिकवलं नव्हतं.

खोट्या वसाहतीत बाबांना मीच बसवलं. दिवसाला किती फोन, या रकान्यात चार लिहिलं. मग खरं काय ते आठवून अकरा केलं.

७ फेब्रुवारी, गुरुवार

काम अंगवळणी पडतंय. सगळा कारभार एका यादीवर चालतो. यादीत पुढे काय घडणार ते वेळेप्रमाणे ओळीने लावलेलं. अमुक नंबरचा कॉल अमुक वाजता सुरू, अमुक वाजता संपला. मजा अशी की कॉल सुरू होतो त्याच क्षणी प्रोग्रॅम फासा टाकून तो किती चालणार ते ठरवतो आणि शेवटाची ओळ यादीत घालतो. बोलणारा हॅलो म्हणतोय तोवर त्याचा शेवट लिहूनही झालेला असतो. तो कॉल संपला की पुन्हा फासा, पुढचा कॉल कधी ते ठरतं, आणि असं चालू राहतं. तासाभरात दोन-तीन महिने पळवता येतात.

संध्याकाळी पाच वाजता ही यादी मनोऱ्यावर चढते. कोणाला केव्हा चॅनेल लागेल आणि केव्हा मोकळं होईल हे आधीच कळलं की मनोरा त्याप्रमाणे जागा देतो. दुसऱ्या कुठल्या ऑफिसात अशी पद्धत पाहिली नाही. सहसा असल्या खोट्या वसाहतींचे अहवाल होतात आणि अहवालांवर धूळ बसते.

बाईंनी एवढंच बजावलं की यादीत हाताने काही बदलायचं नाही. आणि आठवं चॅनेल हिशेबात धरायचं नाही, ते बिघडलेलं आहे. माझ्या खुर्चीवर आधी जो होता त्याच्या वेळेपासून बिघडलंय म्हणे. चार महिने झाले. दुरुस्त का करत नाहीत विचारलं, तर बाईंनी चहाचा कप उचलून बशीतला डाग पुसला.

१३ फेब्रुवारी, बुधवार

आज एक चूक सापडली आणि मी खूश. नवीन माणसाने जुन्यांची चूक काढण्याइतकं सुख नाही.

अकरा नंबरचा वापरकर्ता. १९ तारखेला दुपारी चार बारा वाजता त्याचा कॉल, दोन मिनिटांचा. तो संपल्यावर पुढच्या कॉलची वेळ पडायला हवी, तर तिथे रकाना कोरा. त्यानंतर हा अकरा नंबर यादीत कुठेच नाही. एप्रिलपर्यंत पळवलं, पत्ताच नाही.

फासा टाकायला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्याला आम्ही बीज म्हणतो. तेच बीज दिलं की तेच फासे पडतात. म्हणून बीज बदलून पाहिलं. सगळ्यांचे कॉल इकडचे तिकडे झाले. अकरा नंबरचा शेवटचा कॉल मात्र १९ तारीख, चार बारा, दोन मिनिटं. सहा वेळा बदललं. बाकी सगळं हलतं आणि ही एक ओळ हलत नाही. कुठेतरी आकडा घट्ट बसवून ठेवला असणार. शोधीन.

कोणाचा नंबर कुठला हे बाईंच्या कपाटात आहे, पण मला ते पाहायची गरज पडली नाही. मनोऱ्याच्या खऱ्या नोंदीत अकरा नंबर रोज सकाळी सात चाळीसला फोन करतो. सात चाळीसला भिंतीपलीकडे मावशी आपल्या बहिणीशी बोलत असतात, मी दात घासताना रोज ऐकते.

१८ फेब्रुवारी, सोमवार

चूक सापडली नाही. प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. घट्ट बसवलेला आकडा कुठेही नाही.

मावशींनी एक पडदा आणून दिला. निळा, खाली पांढरी पट्टी. बाबांनी त्यांना गुडघ्यासाठी कुठला मलम लावायचा ते सांगितलं. दुसरा पडदा उद्या देते म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते, बाबांनी मला नंतर विचारलं की त्यांच्याकडे अशी टक लावून काय बघत होतीस.

२० फेब्रुवारी, बुधवार

मावशी गेल्या. काल दुपारी. मशीनवर बसल्या बसल्या मान पुढे टाकली. बहिणीशी फोनवर बोलणं नुकतंच झालं होतं, वायरमनची बायको तिथे गुंड्या लावत होती तिने सांगितलं. फोन ठेवला, सव्वाचार वाजले म्हणाल्या, आणि बस्स. आमचा दुसरा पडदा सुईखाली तसाच होता.

आज बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या मला वेड्यात काढतील, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. या खुर्चीवर बसणाऱ्याला कोरे रकाने दिसतात म्हणाल्या. ते कोरेच राहू द्यायचे, बघायचं आणि पुढे जायचं. त्यांनी स्वतः चार वर्षांत सात पाहिले.

हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. मला इतका राग आला की मी खुर्ची मागे सरकवून सरळ घरी निघून आले.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

बघायचं नाही असं ठरवून ऑफिसला गेले होते.

चाळीस नंबर. २७ फेब्रुवारी, सकाळी अकरा पाच. तीन मिनिटं चाळीस सेकंद. पुढचा रकाना कोरा.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

बीज अकरा वेळा बदललं. ओळ तिथेच.

बाबांना डॉक्टरांकडे नेलं. छातीचा आलेख काढला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, सत्तरीला असं हृदय बघायला मिळत नाही. बाबा घरी येईपर्यंत ऐटीत चालत होते. जिन्यात मला म्हणाले, उगाच घाबरतेस, मी तुझ्या डोक्यावर अजून वीस वर्षं मिरे वाटणार आहे. मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. आई गेली तेव्हा मी परगावी होते, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता घरात आम्ही दोघंच. दादा लांब, आपल्या संसारात; यांच्यामागे मला जवळचं कोणी नाही, आणि हे मी एवढ्या स्पष्टपणे आजवर कधी म्हटलंही नव्हतं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

दादाला फोन केला, बाबांना काही दिवस तुझ्याकडे ठेव म्हटलं. कारण काय सांगणार? घरात रंगकाम आहे म्हटलं. तो हो म्हणाला. उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं. बाबा नाखूश आहेत. आत्ता कुठे बस्तान बसलं आणि तू मला पिशवीसारखं इकडून तिकडे टाकतेस म्हणाले.

बाबांचा मोबाइल लपवून ठेवला होता. त्यांनी तो पिठाच्या डब्यामागून काढला आणि मला विसरभोळी म्हणाले.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी बाबांना पलंगावरून उठताच येईना. कंबर धरली. गाडी गेली. यादीत पाहिलं, ओळ तीच, एका सेकंदाचाही फरक नाही.

मग दिवसभर त्या ओळीकडे बघत बसले. आणि तीनच्या सुमाराला लख्ख दिसलं, इतकं सोपं की हसूच आलं. पुढच्या कॉलचा फासा केव्हा पडतो? हा कॉल संपल्यावर. कोरा रकाना येतो तो कॉल संपल्यानंतर. कॉल संपलाच नाही, तर प्रोग्रॅम त्या रकान्यापर्यंत पोचणारच नाही. प्रोग्रॅम लिहिणारं कोणीही हेच करेल. शेवटाची ओळ काढून टाकायची.

बाई साडेचारला बाहेर गेल्या. मी चाळीस नंबरची शेवटाची ओळ पुसली. तीन महिने पळवून पाहिलं, चाळीस नंबर शेवटपर्यंत आहे. पाच वाजता यादी मनोऱ्यावर चढली.

बाईंनी बजावलेलं मोडलं. पण मी बरोबर केलंय.

२७ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी बारा

रजा टाकून घरी बसले. बाबांची कंबर आज एकदम मोकळी, स्वतःच गॅलरीत खुर्चीवर जाऊन बसले. अकरा पाचला त्यांनी जुन्या दुकानाच्या मालकांना फोन लावला. मी घड्याळ हातात धरून दाराच्या चौकटीत उभी. अकरा आठ. अकरा नऊ. अकरा दहा. बाबा हसत होते, खोकल्याच्या कुठल्यातरी औषधाबद्दल सांगत होते.

वाचले! जिवंत आहेत! मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर हात दाबून नाचले, या वयात.

बारा वाजले, अजून बोलताहेत. बोलू देत बापडे. जेवायला वाढते.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा

अजून बोलताहेत.

जेवले नाहीत. ताट समोर ठेवलं तर मान हलवून थांब म्हणाले. तीन वाजल्यापासून स्वतः काही बोलत नाहीत, नुसतं ऐकतात. मधूनच हं म्हणतात, हो म्हणतात.

मी फोन घ्यायला गेले. हात ताठ नाही, मऊच आहे, पण कानापासून खाली येत नाही. लाल बटण दाबलं. काही झालं नाही.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

रात्रभर तसेच होते. सकाळी मोबाइलची बॅटरी संपली. पडदा काळा. बाबा तरीही कान लावून बसले आहेत.

डॉक्टर येऊन गेले. नाडी चांगली, दाब चांगला. झोपेचं इंजेक्शन दिलं, झोप आली नाही. हॉस्पिटलात हलवा म्हणाले, पण गाडीसाठी फोनच लागेना. सारखं एकच, चॅनेल उपलब्ध नाही. गाडी सांगायला ते स्वतः चालत गेले. गाडी अजून आलेली नाही.

ऑफिसातल्या तारेच्या फोनवरून दुकानाच्या मालकांना विचारलं. ते म्हणाले, काल बाबांचा फोन आला होता खरा. तीन-चार मिनिटं बोलले आणि ठेवला.

ठेवला.

बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. आठवं चॅनेल उघडून बघ म्हणाल्या. मी उघडलं. ते बिघडलेलं नाही, अडलेलं आहे. सतरा नंबर. ऑक्टोबरपासून एकच कॉल. शेवटाची ओळ पुसलेली.

सतरा नंबर म्हणजे माझ्या आधीचा. त्याला स्वतःच्याच नावापुढे कोरा रकाना दिसला होता. आता तो एका हॉस्पिटलात आहे, हात कानाशी, अन्न नळीतून. त्याची आई दर महिन्याला बाईंकडे येते आणि ती ओळ लिहू नका म्हणून पाया पडते. मी बाईंना विचारलं, मला आधीच का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर तू लवकर पुसली असतीस.

१ मार्च, शुक्रवार

बाबांसाठी गाडी काल रात्री आली, पण त्यांना सतरा नंबरसारखं नळीवर ठेवायचं नाही म्हणून मी ती परत पाठवली. सहा चॅनेल उरली आहेत. नकार वाढलेत.

तळमजल्यावरचा वायरमन गेला. दुपारी दोनला छातीत कळ आली. त्याच्या बायकोने गाडीसाठी चौदा वेळा फोन लावला. चौदाही वेळा नकार. मग ती रस्त्यावर धावत गेली. परत आली तेव्हा—

मी ऑफिसात बसून तेच बघत होते. सहा नंबर, नकार. सहा नंबर, नकार. चौदा ओळी. कोणाच्या आहेत ते मला ठाऊक नव्हतं.

तिच्यापुढे कोरा रकाना नव्हता. त्याच्याही नव्हता. त्याचे कॉल एप्रिलपर्यंत होते, मी स्वतः पाहिलेत. हा मरायचा नव्हता. त्याची जागा मी अडवली.

ती जिन्यात बसून आहे. मी तिच्याजवळून वर आले. 

२ मार्च, शनिवार

बाबा आज बोलले. माझ्याशी नाही. म्हणाले, एकेकाने बोला, सगळे एकदम नका बोलू. दुकानात गर्दी झाली की ज्या आवाजात सांगायचे त्याच आवाजात.

मग म्हणाले, मावशी, पडदा राहू द्या आता.

मग थोड्या वेळाने, तुझा नंबर लागेल रे, वायरी घेऊन उभा राहू नकोस, पेटी खाली ठेव.

त्यांना वायरमन गेल्याचं मी सांगितलेलं नाही. कोणीच सांगितलेलं नाही.

कान लालभडक झालाय. कडेने कातडी सोलली आहे. मी तिथे मलम लावला. जे जे गेले ते सगळे या एका लाइनवर—

पाणी पाजलं. चमच्याने.

३ मार्च, रविवार

सकाळी यादी पाहिली. गुरुवारपर्यंत आणखी चार जण जातील. बावीस नंबर, त्या घरात लहान मूल आहे. एकतीस. पाच. वायरमनची बायको. कोरे रकाने नाहीत. नुसते नकार, नकार, आणि मग काही नाही.

बाबांच्या पायाशी बसले. सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. ऐकतात की नाही कळेना. कानाजवळचा मोबाइल त्यांनी जरासा लांब धरला, पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, बाळ, माझा कान फार दुखतोय गं. आत फार जण आहेत. मला ठेवू दे.

एवढंच. पुन्हा मोबाइल कानाशी.

साडेचारला ऑफिसात गेले. चाळीस नंबर, शेवटाची ओळ. ४ मार्च, सकाळी दहा वीस. आजचीच वेळ घालायला हवी होती. बोटं वळली नाहीत. एक संध्याकाळ तरी मला हवी होती.

ओळ घातल्यावर यादी पुन्हा पळवली. दहा वीसला चॅनेल मोकळं होतं आणि दहा तेवीसला पुन्हा अडतं. एक्केचाळीस नंबर. शेवटाची ओळ नाही.

मी तिथे ओळ घातली. पुसली गेली. पुन्हा घातली. पुन्हा पुसली गेली. पाच वाजले.

माझा मोबाइल बंद केला, ऑफिसच्या खणात टाकला, कुलूप लावलं. किल्ली बाईंकडे दिली. फोनच नसला तर कॉल कुठून होईल.

४ मार्च, सोमवार

नऊ दहा. बाबांची दाढी केली. नवा सदरा घातला, एक हात वर असल्यामुळे बाही उसवावी लागली. कुरकुरले नाहीत.

नऊ पन्नास. गॅलरीत ऊन आलंय. त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आहे, वही मांडीवर. दादाला कळवलेलं नाही. नंतर.

दहा पाच. त्यांचा मोकळा हात धरलाय. उबदार आहे. बाबा, मला तुम्हाला जाऊ द्यायचं नाहीये. हे मोठ्याने म्हटलं. त्यांनी हात दाबला. मला उत्तर म्हणून की त्या लाइनवरच्या कोणाला, ठाऊक नाही.

दहा सतरा. हं म्हणताहेत. हो. येतो.

दहा वीस.

हात खाली आला. आपोआप, हलकेच. मान बाजूला. चेहऱ्यावर—सुटल्यासारखं आहे. नाडी नाही. दोनदा बघितली. नाही.

मोबाइल त्यांच्या मांडीवर आहे. काळा. बॅटरी नाही त्यात. मी हात लावणार नाही.

दहा बावीस. कोणाला तरी बोलवायला जायला हवं. उठवत नाही.

दहा तेवीस. मोबाइलमधून आवाज येतोय. अगदी बारीक. मी ऐकणार नाही. कानांवर हात ठेवते—

बाबा आहेत. बाबांचाच आवाज. हाक मारताहेत. घाबरल्यासारखा आवाज आहे, तिथे अंधार आहे की काय. चष्मा विचारताहेत. चष्मा कुठे ठेवलास गं, मला दिसत नाही काही. सारखं तेच. सारखं तेच.

चष्मा त्यांच्या नाकावरच आहे. मी बघतेय, नाकावरच आहे. कोणीतरी सांगायला हवं त्यांना, नाहीतर असेच विचारत—

एवढंच सांगते. नाकावर आहे म्हणते आणि लगेच ठेव